ऐंशी एकर वाफेच्या नावे

हेगर्ट, नॉर्थ डकोटा
जानेवारीचा शेवटचा आठवडा

प्रिय आर्लिसताई,

तुझ्या धाकट्या भावाचा आदरपूर्वक नमस्कार (उभ्यानेच करतो, वाकलो तर परत सरळ करायला घरात कोणी नाही). अ‍ॅरिझोनात तू सुखरूप असशील, गुडघा फार कुरकुरत नसेल आणि अंगणातली संत्री शेजारणीने पुन्हा ‘चुकून’ तोडली नसतील, अशी आशा करतो. माझी प्रकृती उत्तम. रक्तदाब डॉक्टरांना आवडेल असा आहे, कान मला सोयीचं तेवढं ऐकतात, आणि माझी व्हर्ना गेल्यापासून स्वतःचं स्वतः शिजवून खायला लागून आता इतकी वर्षं लोटली की अधूनमधून मी केलेलं मलाच गोड लागतं. थंडीचं विचारू नकोस. काल टपालपेटीचं झाकण उघडलं तर ते माझ्या हातातच आलं. जन्मभर लोकांच्या पेट्यांत पत्रं टाकत हिंडलो, आणि म्हातारपणी स्वतःचीच पेटी अशी हातात यावी, याची मला थोडी मौज वाटली.

कॉफी ओतून घे, पत्र लांबणार आहे. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू दर दोन वाक्यांनी ‘मुद्द्यावर ये, ओडेल’ म्हणतेस. पत्रात तुला ते म्हणता येत नाही, हा पत्राचा फार मोठा गुण आहे आणि लोक तो विसरत चालले आहेत.

तरी मुद्दा सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढे रमतगमत जायला मी मोकळा. मुद्दा म्हणजे मिस ओटिलिया ब्राउएर. हो, आपल्या एकखोली शाळेच्या बाई. गेल्या हेमंतात आपल्याबरोबर शाळेत असलेला अर्विड गेला. त्याच्या अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात हॅम सँडविच खात बसलो होतो, आणि सहज मनाशी हिशेब केला: बाईंच्या हाताखाली शिकलेल्यांपैकी आता कोण उरलं? तू आणि मी. बाईंना ना मूल ना भाऊबंद. शाळेची इमारत डुएनने केव्हाच विकत घेऊन बियाण्याच्या पोत्यांना दिली. (डुएन म्हणजे आपली जमीन खंडाने कसतो तोच, आणि कॅफेत माझ्यासमोर बसतो तोही तोच. आपल्या गावात एका माणसाला दोन-तीन कामं करावीच लागतात, माणसं कमी पडतात.) म्हणजे आपण दोघं गेलो की त्या बाई पृथ्वीवर होत्या हे ठाऊक असलेलं कोणीच राहणार नाही. अर्धं सँडविच मी बशीत परत ठेवलं.

तुला आठवतं ना, बाई पाठांतर कसं करून घेत? शेगडीजवळ एक आखूड बाक होता. जो उभा राहून एखादी कविता न अडखळता म्हणेल तो त्या बाकावर बसायचा, आणि दुसरा कोणी दुसरी कविता म्हणेपर्यंत तिथून त्याला कोणी उठवायचं नाही. बस्स, एवढाच नियम. उत्तरेचा वारा भिंतीच्या फटींतून आत येऊन आमच्या शाईच्या दौती गोठवत असे, आणि मी मागच्या रांगेत दात वाजवत त्या बुडालेल्या जहाजाची लांबलचक कविता पाठ करत असे. कारण जेवढी कविता मोठी तेवढा वेळ म्हणतानाच शेगडीपाशी उभं राहायला मिळे, आणि वर बाकही मिळे. लोकांना काव्याची गोडी म्हणे निसर्गातून लागते. मला ती पायांची बोटं बधिर झाल्यामुळे लागली. पण लागली ती लागली. पुढे टपालाची गाडी हाकताना रस्ताभर मी मोठमोठ्याने कविता म्हणत असे, आणि मला वाटतं या जिल्ह्यातल्या गाईंना आपल्या पिढीचं सगळं पाठ्यपुस्तक येत असेल.

म्हणून मी ठरवलं की बाबांच्या जमिनीतला माझा हिस्सा, म्हणजे दक्षिणेकडची ऐंशी एकर (उत्तरेकडची तुझी), मृत्युपत्रात विद्यापीठाच्या नावे करायची, आणि तिच्या उत्पन्नातून दरवर्षी खेड्यापाड्यांतल्या मुलांची कवितापाठांतराची स्पर्धा व्हायची, मिस ओटिलिया ब्राउएर यांच्या नावाने. विद्यापीठच का? कारण आपलं हे सरकारी विद्यापीठ एके काळी मास्तरणी घडवणारी साधी शाळा होती आणि बाई तिथेच घडल्या होत्या. मी स्वतः तिथे फक्त टपाल पोचवायला गेलोय.

जमीन ठेवायची आहे एवढंच विद्यापीठाला कळवल्यावर त्यांनी रोंडा शेफर नावाच्या बाईंना माझ्याकडे धाडलं. चाळिशी ओलांडलेली, गालाला खळी पडणारी, हातात स्वतः भाजलेली रूबार्बची गोड पाई घेऊन आलेली. मृत्युपत्रातून देणाऱ्या लोकांना भेटणं हेच तिचं काम. त्याला ते ‘नियोजित दान’ म्हणतात. (ज्याचं नियोजन मी केलंय पण तारीख दुसराच कोणी ठरवणार आहे, असं दान.) तिचं बोलणं ऐकायला तू हवी होतीस, ताई. ‘मरण’ हा शब्द तिच्या तोंडून एकदाही निघाला नाही. मी मरेन तेव्हा माझी देणगी ‘पिकेल’. मी मेल्यावर जे होईल ते ‘पुढच्या टप्प्यात’ होईल. आणि माझ्या तब्येतीची चौकशी तिने इतक्या जिव्हाळ्याने केली की उत्तर काय द्यावं ते मला कळेना; बरा आहे म्हटलं तरी तिला आनंद, आणि बरा नाही म्हटलं असतं तरी विद्यापीठाचं नुकसान नव्हतंच.

मग तिने तो प्रश्न विचारला. म्हणाली, “ओडेल, जमिनीचं राहू दे. आयुष्यात तुम्हाला सगळ्यांत जवळचं काय वाटलं, ते मला सांगा.”

आता असा प्रश्न मला कोणी विचारावा आणि मी एका वाक्यात उत्तर द्यावं, हे कसं व्हायचं? मी आरंभापासून आरंभ केला. आरंभ म्हणजे शेगडी. तिचे वाकडे पाय, दारावरचं ओतीव फुलांचं नक्षीकाम, धुराड्याचा तो कोपरा जिथून काजळी गळायची, कोळसा कुठून यायचा, ओला कोळसा आणि सुका कोळसा यांच्या आवाजातला फरक, पहाटे ती पेटवायला बाई बर्फातून कशा चालत यायच्या. रोंडा मान डोलवत होती, मधूनच तिचे डोळे पाणावत होते, आणि मीही माझ्याच बोलण्यावर खूश होऊन आणखी खोलात शिरत होतो. शेगडीचं आटपून मी बाकाकडे वळणार, आणि बाकावरून कवितांवर येणार, एवढ्यात बाहेर बर्फ भुरभुरायला लागलं. रस्ता बंद व्हायच्या आत निघायला हवं म्हणून ती उठली. दारात माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाली, मला सगळं समजलं. मीही म्हटलं, समजलंच असणार. पुढच्या भेटींत आम्ही पाईच्या पिठाबद्दल, तिच्या मुलीच्या व्हॉलीबॉलबद्दल आणि वकिलाबद्दल बोललो. जमीन कशासाठी, तो रकाना मी विश्वासाने तिच्यावरच सोडला आणि न वाचता सही केली. कविता सांगायची राहिली होती हे माझ्या गावीही नव्हतं, कारण माझ्या मनात ती सांगून झाली होती.

त्यांची काम करायची रीत अशी की देणगीदाराला जे प्रिय, ते विद्यापीठाच्या कुठल्या कोपऱ्याशी जुळतं हे शोधायचं आणि तिथे त्याचं नाव लावायचं. हा कोपरा शोधण्यात रोंडाचा हात कोणी धरू शकत नाही. तिने शोधला. डिसेंबरच्या आरंभी ‘वारसा मंडळा’च्या भोजनाचं निमंत्रण आलं. हे मंडळ म्हणजे माझ्यासारख्याच, मृत्युपत्रात विद्यापीठाचं नाव घातलेल्या लोकांचं. मी व्हर्नाने घेऊन दिलेला निळा कोट घातला, खिशात जहाजाच्या कवितेचं शेवटचं कडवं लिहून ठेवलं (कोणी आग्रह केलाच तर असावं), आणि गेलो.

भोजनाचं काय वर्णन करू? सगळी टेबलं पांढरीशुभ्र, माणसंही बहुतेक पांढरीच. जेवणात मीठ जवळजवळ नव्हतं. यजमानांनी आमच्या आयुष्याची काळजी घेतली होती, याला मनाचा मोठेपणाच म्हणायचं. माझ्या शेजारी एक विधवा बाई होत्या. त्यांच्या नवऱ्याच्या नावाने विद्यापीठाने तळ्याकाठी बाक ठेवला आहे. त्या सांगत होत्या की इथे पायरीपायरीने असतं: थोडं दिलं की वाटेवर तुमच्या नावाची वीट, मग बाक, मग झाड, मग नाट्यगृहातली खुर्ची, मग खोली, आणि फारच दिलं तर अख्खी इमारत. त्यांचा नवरा विटेपासून बाकापर्यंत पोचला आणि तिथेच वारला, नाहीतर तो झाडापर्यंत नक्की गेला असता. मी म्हटलं, मला माझ्या नावाचं काहीच नको, माझं दुसऱ्याच एका नावाचं आहे. त्या म्हणाल्या, “सगळे आधी असंच म्हणतात. मग वीट बघायला रोज येतात.”

गोड पदार्थ आले तेव्हा विद्यापीठाच्या अध्यक्षबाई बोलायला उभ्या राहिल्या. एकेकाला उभं करून, त्याने काय ठेवलं आणि कशासाठी ठेवलं हे सांगत होत्या. माझं नाव आलं. मी कोटाचं बटण लावलं. त्या म्हणाल्या की देणगीदार नेहमी नजर वर ठेवून देतात. मैदानाला देतात, घड्याळाच्या मनोऱ्याला देतात. पण आज या विद्यापीठाच्या इतिहासात प्रथमच एका माणसाने खाली पाहिलं आहे. हेगर्टचे निवृत्त पोस्टमन श्री. ओडेल ट्वेट यांनी आपली ऐंशी एकर जमीन विद्यापीठाच्या बॉयलरघराला ठेवली आहे.

ताई, टाळ्या अशा काही पडल्या की पाठांतरात पहिला आल्यावरही मला कधी पडल्या नव्हत्या. मी तोंड उघडलं. एक बोटही वर केलं, शाळेत करायचो तसं. तेवढ्यात मागच्या टेबलावरून एक उंच, खांदे पडलेला माणूस खुर्ची सरकवून उभा राहिला. हा मिल्टन किटलसन, बॉयलरघराचा मुख्य. त्याला त्या दिवशी मुद्दाम बोलावलं होतं. कोट कोणाचा तरी मागून आणलेला दिसत होता, कारण बाह्या मनगटाच्या बऱ्याच आधी संपत होत्या. तो चालत माझ्यापर्यंत आला, माझा वर केलेला हात त्याने हातात घेतला (त्याला वाटलं मी त्याच्यासाठीच वर केलाय), आणि एवढंच म्हणाला, “माझे वडीलपण तिथेच होते, ट्वेटसाहेब. दोघांच्या मिळून जन्मात आम्हाला कोणी काही दिलं नाही. तक्रारी सोडून.”

आता तूच सांग, अशा वेळी कोणी काय बोलणार? मी म्हटलं, ऊब ही मोठी गोष्ट आहे. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. खिशातलं कडवं खिशातच राहिलं.

गावात बातमी माझ्या आधी पोचली होती. दुसऱ्या दिवशी कॅफेत शिरलो तर डुएनने टोपी काढून छातीशी धरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “या, वाफेचे राजे. व्हर्ना जन्मभर सांगायची, या माणसाच्या बोलण्यातून नुसती वाफ निघते. तिला काय माहीत, विद्यापीठ ती नळातून फिरवणार आहे.” मग म्हणाला की एवढी चांगली काळी जमीन बॉयलरला घालण्यापेक्षा मला विकली असतीस तर त्या पैशात तुला फ्लोरिडाला धाडलं असतं, तिथे फुकटची ऊब आहे. मी म्हटलं, फ्लोरिडात तुझ्यासारखे विनोद करणारे भेटत नाहीत. त्याने माझ्या कॉफीचे पैसे दिले. म्हणजे तो आतून हलला होता. डुएन बारा महिन्यांत कोणाच्या कॉफीचे पैसे देत नाही.

यानंतर कित्येक आठवडे मी रोज ठरवत होतो की रोंडाला फोन करून सगळं सरळ सांगायचं. रोज काहीतरी आडवं यायचं. नाताळ आला, बटाट्याच्या लेफ्से लाटायच्या होत्या (तुझ्यासारख्या पातळ झाल्या नाहीत, माझ्या पोळ्यांना नकाशाचा आकार येतो). मग विद्यापीठाचं नाताळचं कार्ड आलं. मग माझ्या वाढदिवसाचं आलं. दंतवैद्य सोडला तर माझा वाढदिवस आता फक्त विद्यापीठाच्याच लक्षात असतो, आणि जो आपला वाढदिवस लक्षात ठेवतो त्याला फोन करून तुमचा घोटाळा झालाय असं सांगणं जिवावर येतं. दरम्यान रोंडाने कळवलं की बॉयलरवर लावायच्या पितळी पाटीसाठी मी चार शब्द लिहून द्यावेत. मी दोन संध्याकाळी खपून लिहिलं:

बाहेर वारा दात विचकी, आत नळांतुन गाणे वाहे;
ज्याचे नाव न ठावे कोणा, ऊब तयाची घरभर राहे.

वाईट नाही ना? बाईंनी ‘वाहे’ आणि ‘राहे’वर मान हलवली असती, पण कान ओढला नसता. विद्यापीठाच्या समितीने ते वाचलं, फार आवडल्याचं कळवलं, आणि सुरक्षा विभागाच्या सूचनेप्रमाणे थोडा बदल केला. पाटीवर आता असं आहे: ‘ओडेल ट्वेट बॉयलर क्रमांक दोन. गरम आहे. हात लावू नये.’

गेल्या आठवड्यात किटलसनने मला बॉयलरघर बघायला बोलावलं. माझी गाडी सुरू होईना, तर रोंडा स्वतः न्यायला आली. जाताना मनाशी पक्कं केलं होतं की आज सांगायचंच. पण आत पाऊल टाकलं आणि ताई, मी सगळं विसरलो. काय ती ऊब! अंगातला सगळा जानेवारी वितळून बुटांतून वाहून गेल्यासारखं वाटलं. किटलसन पुढे, मी मागे. तो वाफेच्या प्रत्येक नळीची ओळख करून देत होता, लेकीसुनांची करून द्यावी तशी: ही ग्रंथालयाकडे जाते, ही मुलींच्या वसतिगृहाला, ही संगीताच्या इमारतीला, तिथले लोक फार कुरकुर करतात, पियानो बेसूर होतात म्हणे. वसंतात तो निवृत्त होणार आहे. पितळी पाटी त्याने स्वतः घासून लावली होती, इतकी की तिच्यात माझं नाक दिसत होतं. मग त्याने बॉयलरची लहान झडप उघडून मला आतली ज्वाळा दाखवली.

आणि त्या उजेडात मला एकदम तू दिसलीस. सहावीतली. कोळशाची बादली हातात, गाल लालभडक, त्या शेगडीच्या उघड्या दारापुढे.

तू आजवर म्हणत आलीस की त्या बाईने मला हमाल केलं. भाऊ बाकावर बसून टाळ्या घ्यायचा आणि मी सबंध हिवाळा कोळसा वाहायचा. मीही कधी उलटून बोललो नाही, कारण बादली खरोखरच तुझ्याच हातात होती. पण परवा त्या झडपेपुढे उभा राहिलो आणि आठवलं की चार माणसांपुढे उभं केलं की तुझे शब्द घशात अडकायचे, आणि मुलं हसायची. बाईंनी तुला एकदाच कविता म्हणायला उभं केलं होतं. त्यानंतर कधीही नाही. दुसऱ्याच दिवशी बादली तुझ्याकडे आली. शेगडीला कोळसा घालणारी मुलगी शेगडीजवळच बसणार ना? ताई, आम्ही सगळे त्या बाकासाठी वर्षभर घोकत होतो, आणि तू काहीही न म्हणता रोज तिथे होतीस. मला वाटतं बाईंनी तुला ती जागा देऊन टाकली होती, आणि कोणी हसू नये म्हणून तिला काम असं नाव दिलं होतं. माझं चुकत असेल तर सांग. पण मला वाटत नाही चुकतंय.

परत येताना गाडीत मी रोंडाला सगळं सांगितलं. या वेळी शेवटापासून सुरुवात केली, धडा घेतला होता. तिने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. मग खरंच थोडं रडली. कारण बॉयलरघराला देणगी मिळवल्याबद्दल तिच्या कचेरीत तिचं फार कौतुक झालं होतं, अशी देणगी कुठल्याच विद्यापीठाला मिळालेली तिच्या ऐकिवात नव्हती. नाक पुसून तिने मला धीर दिला. म्हणाली, मृत्युपत्र म्हणजे काही दगडावरची रेघ नाही, माणूस हिंडताफिरता आहे तोवर कधीही बदलता येतं. उद्या वकिलाकडे जाऊ आणि जमीन स्पर्धेच्या नावे करू.

मी म्हटलं, “आणि किटलसनला कोण सांगणार?”

तिने गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. बाहेर बर्फ रस्त्यावरून सापासारखं सरपटत होतं. पुढच्या वळणावर ती म्हणाली, “मी नाही सांगू शकत, ओडेल.” मी म्हटलं, मीही नाही. म्हणजे वाफेला दिलेली ऐंशी एकर वाफेचीच राहणार, हे आम्हा दोघांनाही एकदमच कळलं, आणि खरं सांगतो, मला वाईट वाटलं नाही. पोरं वसतिगृहात उबेत झोपतील. बाईही पहाटे उठून दुसरं काय करत होत्या? पण त्यांचं नाव कुठे लागणार नाही, हे मात्र राहिलंच.

मग रोंडाने, तिच्या धंद्याला शोभेल अशा मऊ आवाजात, एक प्रश्न विचारला. मी त्याचं उत्तर दिलं.

असो. पत्र फार लांबलं, कॉफीही गार झाली असेल. हवा अशीच राहिली तर मार्चपर्यंत कुत्रीसुद्धा घराबाहेर पडणार नाहीत. मी मात्र मजेत आहे. सकाळी उठतो, खिडकीतून पांढरं शेत बघतो, एखादी कविता म्हणतो, आणि कोणी उठवत नाही तोवर रेडिएटरजवळ बसून राहतो. गुडघ्याला जप. संत्र्यांना जप. माझ्यावर लोभ आहेच, तो पुढील मजकूर वाचल्यावरही तसाच ठेवावास ही विनंती.

तुझा,
ओडेल

ता. क. रोंडाचा प्रश्न असा होता: कुटुंबात आणखी कोणाकडे काही जमीन आहे का?

ता. क. २. उत्तरेकडच्या ऐंशी एकरांबद्दल बोलतोय. तुला मूलबाळ नाही, जमिनीचा तुला तसा लळाही नाही, आणि नाताळात तू ती डुएनला विकून टाकण्याबद्दल बोलत होतीस. नको विकूस. तू असेपर्यंत खंड तुझाच, सही फक्त मृत्युपत्रात लागते. डुएनचा फोन आला तर उचलू नकोस. तो तुझ्या गुडघ्याची चौकशी करेल, पण त्याला उत्तरेचा तुकडा हवाय. पाठांतराच्या स्पर्धेला बाईंचं नाव लागेल, आणि ज्या मुलांना उभं राहून बोलता येत नाही त्यांच्यासाठी काय करायचं हे तू सांगशील तसं लिहून घ्यायला रोंडा तयार आहे. मी तिला म्हटलं की याबाबतीत तुझ्याइतकं कोणालाच कळणार नाही.

ता. क. ३. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ती तुझ्याकडे येतेय. (विद्यापीठाची ही मंडळी दर हिवाळ्यात अ‍ॅरिझोनाला येतात, इकडचे सगळे पैसेवाले म्हातारे तिकडेच उडून गेलेले असतात.) पाई घेऊन येईल. ती तब्येतीची चौकशी करेल तेव्हा तुला आवडेल ते सांग. पण आयुष्यात सगळ्यांत जवळचं काय वाटलं असं विचारलं, तर ताई, कृपा करून एकच वाक्य बोल. ‘मिस ओटिलिया ब्राउएर’ एवढं म्हण आणि थांब. गुडघ्याचं ऑपरेशन, संत्र्यांची चोरी, तुझी ती गोल्फची गाडी, यातलं काहीएक काढू नकोस. तुला कल्पना नाही ते लोक किती मन लावून ऐकतात.

ता. क. ४. पाकीट फोडताना बोटाला काही टोचलं असेल तर क्षमा कर. गव्हाच्या कणसाची पितळी पिन आहे ती, वारसा मंडळाच्या सभासदांना देतात. तुझी आहे. रोंडाने मला देताना विचारलं होतं की ताईंनी अजून होकार कुठे दिलाय? मी म्हटलं, ती आधी एक आठवडा माझ्यावर चिडेल, मग लावून बघेल. डाव्या बाजूला लावतात.